शनिवारची खिचडी

आमच्या घरात इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटी. मोफत जागांच्या सोडतीत माझा नंबर लागला, तेव्हा आईने लोह्यातल्या आमच्या गल्लीत साखर वाटली होती. धाकट्या बहिणीचा नंबर काही लागला नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. माझ्या शाळेत टाय होता, तिच्या शाळेत खिचडी.

उन्हाळ्याच्या तोंडावर शेतातली कामं सरली की आईची मजुरी थांबायची. मग माझ्या डब्यात अर्धी भाकरी आणि चिमूटभर तिखट यायचं, कधी तेवढंही नाही. मी झाकण अर्धंच उघडून खायची, म्हणजे आत किती आहे ते शेजारच्या मुलीला दिसत नसे. धाकटी मात्र पोटावर हात फिरवत घरी यायची.

"आज खिचडीत वाटाणे होते. तुमच्या शाळेत काय देतात गं, ताई? एबीसीडी?"

शनिवारी मला सुट्टी असायची, तिची सकाळची शाळा. एका शनिवारी घरात पीठच नव्हतं. आई काम बघायला बाहेर पडलेली. धाकटीने शेजारच्या तापाने झोपलेल्या पोरीचा गणवेश मागून आणला आणि माझ्या अंगावर फेकला.

"चल. मान खाली घालून बस. कुणाला कळत न्हाई."

मान खाली घालणं मला छान जमायचं. खिचडीच्या वेळेला मी व्हरांड्यातल्या रांगेत मांडी घालून बसले. पातेल्यातून हळदीचा, मोहरीचा वास येत होता. कुणी उठवू नये, एवढंच मनात होतं. तेवढ्यात सगळी पोरं हात जोडून जेवणाआधीचा श्लोक म्हणायला लागली. आमच्या शाळेत तो नव्हताच. मी नुसते ओठ हलवले.

वाढणारी मावशी डाव घेऊन माझ्यासमोर थांबली.

"कुणाची गं तू? श्लोक येत न्हाई तुला?"

मी रिकामं ताट जवळ ओढलं. धाकटी ताडकन उभी राहिली. "माझी ताई हाय. इंग्रजी शाळेची. आज घरी काय न्हाई."

पोरं हसली. मावशीने डाव परत पातेल्यात ठेवला. गेली खिचडी, असं मला वाटलं.

"तुमच्याकडं इंग्रजीत म्हणत असतील की काहीतरी," मावशी म्हणाली. "म्हण बघू. देवाला समदं कळतं."

मी डोळे मिटून आमच्या शाळेतली प्रार्थना पुटपुटले.

"ऐकू आलं न्हाई!" मागून कुणीतरी ओरडलं.

पुन्हा म्हटली. दुसऱ्या ओळीपासून पोरं माझ्यामागे म्हणू लागली, जिभेला जमेल तशी. शेवटच्या 'थँक यू'ला तर व्हरांडा दणाणला. मुख्याध्यापक खोलीतून धावत बाहेर आले.

"हे कुणी शिकवलं?"

मावशीने डावानेच माझ्याकडे दाखवलं. "या पाव्हण्या बाईनं, सर. उपाशी हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्यांच्या वर चढलेल्या गणवेशाकडे.

"मग तिला आधी वाढा. आणि पोरी, पुढच्या शनिवारी पण ये. यांचे उच्चार लई कच्चे आहेत."

मावशीने खिचडी वाढली, वर तळाची खरपूस खरवड ठेवली. ताट कधी रिकामं झालं, कळलं नाही. मी ते पुढे केलं आणि "अजून" म्हणाले, इतक्या मोठ्यांदा की धाकटीचा घास हातातच राहिला.