पाचवी गोळी

आमच्या बीड जिल्ह्यात पिस्तूल ही कमरेला लावून दाखवायची वस्तू. शर्ट जरा वर सरकवून हॉटेलात बसलं की चहा लवकर येतो. लग्नात आभाळाकडं धरून उडवणारेही मी बघितलेत. एवढं मोठं आभाळ, त्यात नेम लागला काय न् चुकला काय. म्हणून मी म्हातारपणी पिस्तूल शिकायला जातो हे गावात कळलं, तेव्हा माझ्याच वयाच्या एकानं पारावर विचारलंच, "कावून बे, कोणाचा काटा काढायचा हाय?"

"कागदाचा," मी म्हणालो.

"कागदानं तुझं काय केलं?"

"काहीच न्हाई केलं. म्हणून तर हात शांत राहतो."

खरं म्हणजे हात तेव्हा शांत राहत नव्हता. पण ते त्याला कशाला सांगू.

घरची गेली तेव्हापासून माझ्या डोक्यात कायम घरघर चालायची. विहिरीतलं पाणी संपलं तरी मोटार चालूच राहते, तशी. वडवणीत माझा एक जुना मुसलमान दोस्त आहे. जळालेल्या मोटारींत तार नव्यानं भरून देतो. बीडच्या बाहेर माळावर नेमबाजीचा क्लब आहे, तिथं तो बरीच वर्षं जातो. भेटायला आला, मला भिंतीकडं तोंड करून बसलेलं बघितलं आणि म्हणाला, "कोरडी मोटार चालली तर जळती बे. बैस स्कूटरवर."

तिथलं पिस्तूल तिथंच राहतं, घरी आणता येत नाही, आणि तेच बरं आहे. गोळी शेंगदाण्यापेक्षा जरा लांब, एवढीच. घोड्याचा ठोका तिच्या बुडाच्या मधोमध नाही, कडेवर बसतो. आवाज सुकी काडी मोडल्यासारखा. हाताला धक्का म्हणाल तर शेळीच्या पिल्लानं नाक लावल्याएवढा. गोळी सुटली की तिची रिकामी पुंगळी उजवीकडं उडते आणि पुढची गोळी आपसूक जागेवर येऊन बसते. हे मला लई आवडलं. जन्मभर मी एक काम उरकलं की दुसरं हातानं ओढून आणलंय. इथं पुढचं आपोआप येतं, आपण फक्त नीट उभं राहायचं.

एकदा माझी गरम पुंगळी उजवीकडं उभ्या दोस्ताच्या कॉलरीत शिरली. तो जागच्या जागी नाचला. शिकवणारा हवालदार, फौजेतून सुटून आलेला, माझ्या लेकाच्या वयाचा. त्यानं दोस्ताला शाबासकी दिली, कारण एवढं नाचूनही त्यानं पिस्तुलाचं तोंड समोरून हलवलं नव्हतं.

नळीच्या टोकावरच्या खुंटीला माशी म्हणतात. नजर माशीवर ठेवायची. पलीकडच्या कागदावरचा काळा गोल धुरकट दिसला तरी चालतं. श्वास अर्धा सोडायचा आणि ट्रिगर हळूहळू असा दाबत न्यायचा की गोळी कधी सुटणार ते आपल्यालाही आधी कळू नये. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यातली घरघर बंद पडते. घरची आठवत नाही. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. वाटू दे. सारखी आठवत राहिली तर भाकर गिळता येत नाही. मला तेवढी उसंत पाहिजे होती. ती कीर्तनात मिळाली नाही, पुण्याला लेकाच्या टीव्हीपुढंही मिळाली नाही. त्या माळावर मिळाली.

पण माझी एक खोड होती. गोळी सुटायच्या आधीच कुठं लागली ते बघायला मी डोकं वर करायचो. डोकं वर गेलं की मनगट खाली जातं. एका रविवारी माझी गोळी कागद सोडून अलीकडच्या मुरमात घुसली. धुरळा उडाला. हवालदारानं सगळ्यांना थांबवलं.

"बाबा, हे चालत न्हाई. उद्या उसळून कागदामागच्या बांधावरून पलीकडं गेली तर उत्तर मला द्यावं लागतंय. पुढच्या रविवारी पाच गोळ्या देतो. पाचीच्या पाची कागदात पाहिजेत. न्हाई बसल्या तर मग बाकावर बसून दुसऱ्याचं बघायचं."

"आन् बसल्या तर?"

"तर जल्मभर मारा."

"ह्याचा जल्म राहिलाय किती?" दोस्त मागून म्हणाला.

आठवडाभर मी रोज सकाळी भरलेला तांब्या घेऊन, हात लांब करून भिंतीपुढं उभा राहिलो. पाणी डचमळलं की परत पहिल्यापासून. खांदा भरून यायचा. बाकावर बसायचं नव्हतं मला. बाकावर बसलं की ती घरघर आलीच.

तांब्या धरल्यावर मात्र घरचीच आठवायची. आम्ही तरणे होतो तेव्हा ज्वारी दाण्यात आली की ती रानातल्या लाकडी माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. तिचा दगडाचा गुंडा पाखरांच्या थव्यात नेमका जायचा, माझा शेजाऱ्याच्या रानात. ती म्हणायची, "आवं, गुंडा जाईल त्याच्या वाटंनं. तुमी कावून त्याच्या संगट निघालात?" मी चिडून गोफण तिच्या अंगावर टाकायचो. गोळीमागं डोकं उचलू नका, असं हवालदार महिनाभर सांगत होता; ते तिनं केव्हाच सांगितलं होतं.

रविवारी चार गोळ्या कागदात बसल्या. एक काळ्यात, बाकीच्या खाली डावीकडं, पण कागदातच. पाचवीला हात उचलला आणि तिचं ते बोलणं कानात आलं. माशी पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली. मी हात खाली घेतला. परत उचलला. परत खाली. मन म्हणत होतं, दाबून टाक, कागद केवढा मोठा आहे. माझा स्वभाव धरलेलं काम सोडायचा नाही. दात आवळून तिसऱ्यांदा उचलला. माशी दिसेना.

मी मॅगझीन काढलं, पिस्तुलाची वरची स्लाइड मागं ओढून नळीतली गोळी बाहेर घेतली आणि पिस्तूल तोंड समोर करून टेबलावर ठेवलं.

"वेळ हाय अजून, बाबा."

"असू दे. माशी दिसंना."

"पाच म्हणलो होतो मी."

"ऐकलंय."

हवालदारानं ती गोळी उचलून हातात फिरवली. "त्या दिवशी मातीत मारली तवा तरी माशी दिसत होती का?"

"न्हाई."

"तरी मारली."

"मारली."

"आज ठिवली." त्यानं गोळी डबीत टाकली. "या पुढच्या रविवारी. सगळ्यांच्या वळीत उभं राहून मारायला माझी ना न्हाई."

दोस्तानं स्कूटर चालू केली. मी मागं बसलो. पण चार गोळ्यांवर पास होणं मला पटत नव्हतं. ठरलेलं पाच होतं.

पुढच्या रविवारी गेल्या गेल्या हवालदाराला म्हणालो, "माझी एक राहिलीय."

"आवो बाबा, ते मिटलं की."

"तुमचं मिटलं. माझं न्हाई."

त्यानं एकच गोळी दिली. भरली. हात उचलला. घरची आली डोक्यात, येणारच होती. मी हात खाली घेतला, ती जाईपर्यंत उभा राहिलो, परत उचलला. माशी काळीभोर, कडा धरून उभी. मी दाबत गेलो.

सुटली. पुंगळी उजवीकडं टणकन पडली. मॅगझीन रिकामं झालं म्हणून स्लाइड मागंच अडकून राहिली. मी माशीवरची नजर हलवली नाही.

"अबे बघ की, कुठं लागली," दोस्त म्हणाला.

"गेली तिच्या वाटंनं," मी म्हणालो. हात होता तिथंच ठेवला.

हवालदार दुर्बिणीला डोळा लावून म्हणाला, "कागदात हाय. काळ्याच्या काठाला."

मग मी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि आणखी पाच गोळ्या मागितल्या.