लुबुम्बाशी ते नैरोबी, अडीच तास

माझ्यासारख्याने लिहायला बसावं का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. चुकेल तिथे सांभाळून घ्या. पण त्या संध्याकाळी मी जे बोललो, ते मीच सांगायला हवं.

मी परदेशात, हॅमिल्टनला शिकतो. तिथल्या रोटोटुना भागात पुण्याच्या एका कुटुंबाकडे खोली घेऊन राहतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, काँगोत बोअरवेलच्या गाडीवर वेल्डर. जुलैत त्यांना मलेरिया झाला आणि ताप डोक्यात गेला. 'लुबुम्बाशीहून सकाळी सातच्या विमानाने नैरोबीच्या मोठ्या दवाखान्यात नेतोय,' एवढा त्यांच्या मुकादमाचा मेसेज आला. त्यानंतर त्याचा फोन लागेना.

गावाहून आईने विचारलं, "किती लांब हाय रे? कवा पोचतील?"

मी एका वेबसाइटवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. साधारण दीड हजार किलोमीटर, अडीच तास. नकाशावर एक सरळ निळी रेघ उमटली. तासांची वजाबाकी करून मी सांगितलं, "तुझ्याकडच्या एक वाजता."

आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत घर झाडत नाहीत. अण्णांना आदल्या दिवशी कॅम्पवरून हलवलं, तेव्हापासून आईने केरसुणीला हात लावला नव्हता.

इथलं घड्याळ आईच्या साडेसहा तास पुढे; संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते. घरमालकीण काकू हॉस्पिटलात नर्स आहेत. ड्यूटीवरून आल्या त्या तशाच किचनमध्ये माझ्यापाशी थांबल्या.

"विमान सुटलं का?"

"सातला सुटणार होतं. म्हणजे आता—"

"ते राहू दे. त्यांना आत बसवलेलं कुणी पाहिलंय का? एवढ्या तापातला पेशंट सहजासहजी घेत नाहीत रे."

लॅपटॉपवरची ती रेघ तशीच होती. तेवढ्यात आईचा फोन आला.

"एक वाजला. पोचले न्हवं?"

"पोचले असतील."

"असतील काय? नीट सांग. तू शिकलेला हाईस."

माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. काकू माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हणालो, "पोचले, आई."

"बरं झालं बग लेकरा," ती म्हणाली. फोन चालूच राहिला होता. जरा वेळाने त्यातून केरसुणीचा आवाज येऊ लागला, आतल्या खोलीपासून उंबऱ्याकडे. मला "थांब" म्हणता आलं नाही.

साडेआठला मुकादमाचा फोन आला. "पोरा, अण्णाला विमानात घेतलंच नाही. दारातनं परत पाठवलं. सकाळपासून इथल्याच दवाखान्यात हाय. अजून डोळं उघडलं न्हाईत."