उषाबाईंचा क्लच

पांडेसऱ्यात वाल्मिकच्या गॅरेजसमोरून नुसती गाडी गेली, तरी तो आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. दहातल्या नऊ वेळा बरोबरही निघायचं. पण त्यामुळे झालं काय, की गडी स्वतःचा हात तपासायचंच विसरला.

उषाबाई मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर मुलगा पराग त्यांची जुनी गाडी विकायला निघाला, तर बाईंनी ठणकावलं, "गाडी राहील. मी शिकेन." आणि साठाव्या वर्षी शिकल्या की! दर रविवारी एकट्या बारडोलीला बहिणीकडे जायच्या. वाल्मिकलाच त्याचं कोण कौतुक!

दिवाळीआधी त्याने गाडीची सर्व्हिसिंग केली आणि आठवड्यात ती गचके खायला लागली, सिग्नलला बंद पडायला लागली. वाल्मिकने दोन मिनिटं कान दिला आणि हसत म्हणाला, "गाडीला काय धाड भरलीय? बाई, तुमचा क्लच लवकर सुटतो." बाई ओशाळल्या. परागला तेवढंच हवं होतं, तो घरी रोज तेच ऐकवू लागला. दोन महिन्यांत बाईंनी किल्ली खुंटीला लावली.

मग एका सकाळी पराग गाडी गॅरेजवर सोडून गेला. "विकायचीय. जरा ठीक करून ठेव."

वाल्मिक स्वतः चालवायला बसला. पहिल्याच सिग्नलला गाडी गचकन बंद! आता हा क्लच कोणाचा सुटला?

इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा एक सेन्सर असतो, त्यावरून पेट्रोल ठरतं. वाल्मिकने त्याची वायर काढून ठेवली, की गाडी नुसत्या अंदाजावर चालावी. तर ती चक्क सुरळीत चालली. म्हणजे सेन्सरच खोटं सांगत होता. काढून उन्हात धरला, तर आतली केसाएवढी तार वाकलेली.

कापडाच्या लूम असलेल्या या भागात फिल्टरमध्ये धागा नि धूळ दाटते, म्हणून तो प्रत्येक गाडीत फिल्टर काढून थेट नळीत कॉम्प्रेसरची हवा मारायचा. दिवाळीआधी यातही मारली होती आणि हा सेन्सर त्याच नळीत बसतो. बिघडवलं आपण आणि बोल लावला त्या माउलीला! दुपारी बायको सुंदरा डबा घेऊन आली, तो त्याने उघडून तसाच ठेवला.

"बाईंना सेन्सर गेला होता एवढंच सांगतो," तो बायकोला म्हणाला. "कसा गेला ते कशाला?"

सुंदराने डबा बंद केला. "तुमनी चूक शे, मंग तुमीच जाईसन सांगा."

नवा सेन्सर बसवून तो गाडी घेऊन बाईंच्या दारात गेला. "बाई, माझ्याच हातून बिघडला होता. तुमचा क्लच कधीच चुकला नाही. मी न बघता बोललो."

बाईंनी त्याच्याकडून किल्ली घेतली आणि त्या चालवायला बसल्या. वाल्मिक शेजारी बसला. गल्ली छान पार पडली. बमरोलीच्या वळणावर मागून टेम्पोने हॉर्न दिला, बाईंचा पाय क्लचवरून सटकला आणि गाडी बंद पडली. इंजिनात आता काहीही खोट नव्हती.

"बघा," बाई हळूच म्हणाल्या, "माझंच चुकतं. तुम्ही भले आहात, उगाच स्वतःवर घेताय."

"नाही हो बाई, देवाशपथ!" वाल्मिक कळवळून म्हणाला.

बाईंनी त्याच्या हातात किल्ली ठेवली, खाली उतरल्या आणि मागचं दार उघडून बसल्या.