फणसाचा कोट

त्या गल्लीत शिंपी एकच होता आणि त्याच्याकडे कापड कधीही उरत नसे. हातभर जास्तीचं दिलं तरी उरत नसे. कोणी भीत भीत विचारलंच, तर गळ्यातली टेप सरळ करत तो म्हणे, "तुमच्या अंगालाच लागतं कापड, मी काय करू?" माणूस आपल्याच पोटाकडे बघत घरी जाई.

अशा या धोरणी गृहस्थाने एका झाडापुढे मात्र हात टेकले होते. दुकानामागच्या परसात त्याने हौसेने फणस लावला होता. झाडाने परस व्यापलं, शिंपिणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरचं ऊन खाल्लं, पण फळाच्या नावाने ठणठणाट.

"नुसता वाढलाय," शिंपीण म्हणे. "घरात एक आहे, तसाच बाहेर एक."

शेवटी तिने निकाल दिला. या हंगामात ताटात पिकलेले गरे पडले तर ठीक, नाहीतर झाडावर कुऱ्हाड.

आणि खोडाला फणस लागला. एकच, अंगठ्याएवढा. एवढा आनंद शिंप्याला लग्नातही झाला नव्हता. हे त्याने बायकोला बोलून दाखवलं आणि त्या रात्री तो उपाशी झोपला.

आता खारी-वटवाघळांपासून फळ राखायचं होतं. दुसऱ्या कोणी गोणपाट गुंडाळलं असतं. पण हा पडला शिंपी, तोही अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांबद्दल नावाजलेला. त्याने फणसाची छाती मोजली, कंबर मोजली, खांदे शोधले, ते नव्हते म्हणून हळहळला आणि पुढून बटणांचा झकास कोट शिवला. आठवड्याभरात बटणं ताणली. त्याने बाजूला एक पट्टी जोडली. फणस फुगत गेला, शिंपी पट्ट्या जोडत गेला. मशीनमागच्या पेटाऱ्यातून कधी चौकडी निघाली, कधी मखमल, कधी हिरवं जाडं कापड. फणस झाला चांगला मुलाएवढा, आणि कोट असा रंगीबेरंगी की खारीसुद्धा लांबून बघून जात.

मग फणस पिकला. त्याचा वास गल्लीभर गेला, आणि वासामागून गल्ली परसात आली. पुढे न्हावी, मागे शाळेच्या हेडबाई.

न्हावी कोटाकडे बघतच राहिला. "ही चौकडी माझ्या शर्टाची. कापड पुरलं नाही म्हणून अर्ध्या बाह्या शिवल्यास ना रे?"

"चौकडी काय जगात एकच असते?" शिंपी म्हणाला.

"आणि ही मखमल?" हेडबाईंनी चष्मा चढवला. "दुकानातला शेवटचा तुकडा मी घेतला होता."

शिंप्याने आधारासाठी फणसाकडे पाहिलं. तेवढ्यात फणसाच्या पोटावरचं बटण तटकन उडून न्हाव्याच्या पायाशी पडलं.

"बटणही माझंच," न्हावी म्हणाला.

कोट आत्ताच्या आत्ता उसवा, असा गलका झाला. शिंपीण पुढे आली. तिने नवऱ्याच्या गळ्यातली टेप काढून घेतली. "ज्याचं जेवढं कापड, त्याला तेवढे गरे," ती म्हणाली आणि मोजायला लागली. मोजता मोजता हिरव्या पट्ट्यांपाशी थांबली.

"हा माझ्या खिडकीचा पडदा. धुतल्यावर आटला म्हणाला होतात."

"आटलाच होता," शिंपी पुटपुटला. "थोडा."

सगळ्यात मोठा वाटा तिचाच निघाला. हाताला आणि सुरीला तेल लावून तिने फणस फोडला. सगळे बोटं चाटायला लागले. शिंप्याच्या वाट्याला आठळ्या आल्या. त्या हातात घेऊन त्याने हळूच विचारलं, "मग, ताटात गरे पडले ना?"

"माझ्या पडले," तोंडातला गरा संपवून ती म्हणाली. "राहू दे झाड. कपडे वाळतील गच्चीत."

पुढच्याच आठवड्यात न्हावी पँटचं कापड घेऊन आला. शिंप्याने माप घेतलं, दोनदा घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला, "यातलं थोडं उरेल."

"ठेव पुढच्या फणसाला," न्हावी म्हणाला. "आणि त्याचा कोट जरा सैल शिव. या वेळी बिचाऱ्याला श्वास घेता येत नव्हता."