चुलीमागची भिंत

सरपण वाचावं, धूर कमी व्हावा म्हणून दिल्लीनं गावोगावच्या निर्धूर चुलींचा आकडा ठरवून दिला होता. कुंडलला आमच्याकडं त्या चुली बसवायला पंचायत समितीचा एक माणूस यायचा. घरात शिरला की आधी चुलीमागच्या भिंतीवरून बोट फिरवून काजळी बघायचा. मार्चअखेरीला आकडा भरायची घाई, तरी आमच्याकडं बसवलेली चूल त्यानं आकड्यात धरली नाही.

"वयनी, अजून धूर हाय. झाली म्हणून कसं लिवू?"

साहेबाची बोलणी खाऊन तो परत आला आणि धुराडं वीतभर उंच केलं. "सोमवारी बोट फिरवून बघतो," म्हणाला.

सोमवारच्या आत त्याची बदली झाली. आईनं भिंत चुन्यानं पांढरी करून ठेवली होती. पुढं कितीतरी वर्षं तिनं त्या भिंतीला कुणाला बोट लावू दिलं नाही.