एक आणि नऊ

वैरागच्या सर्व मंडळींना नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, माफ करा. लिहायला तोंडच नव्हतं. पण आज सकाळी घडलं ते माझ्या सुनेच्या, सुनंदाच्या कानावर जावं, म्हणून हे सर्वांसमोर मोठ्यानं वाचा.

विजेचं मीटर वाचणारा नवा माणूस आला होता. चाळीतली सगळी मीटरं बोळात एकाच फळीवर आहेत, प्रत्येकाखाली खोलीचा आकडा. त्यानं मीटरवर कोरलेला नंबर आपल्या कार्डाशी ताडून पाहिला.

"आजोबा, हे मीटर तुमचं न्हाय. नऊ नंबरच्या खोलीचं हाय."

मी घरातले दिवे बंद केले. मीटरची चकती फिरतच राहिली. नऊ नंबरच्या व्यंकय्यानं सुताच्या कांड्या भरायचं यंत्र थांबवलं, तेव्हा ती थांबली.

"आकडे कुणी लिवले हितं?" मीटरवाल्यानं विचारलं.

मीच. गेल्या दिवाळीला फळी रंगवली, तेव्हा एकच्या जागी नऊ आणि नऊच्या जागी एक लिहून बसलो. हे दोन आकडे शाळेपासून माझे उलटसुलट होतात. आधीचा माणूस फळीवरचे आकडे बघूनच नोंद करायचा, म्हणून नऊचं बिल माझ्या एक नंबरला येत राहिलं.

व्यंकय्या हसला. "काका, मास्तरनं लई कमी मारलं की तुमाला!"

मला हसू आलं नाही. बिल वाढलं म्हणून मी वर्षभर सुनेला बोललो, स्वयंपाकघरातला दिवासुद्धा काढून घेतला. "मी जाळत न्हाय हो, मामंजी," ती म्हणायची. शेवटी ती तिकडं तुमच्याकडं, माहेरी निघून आली.

दिवा आज परत लावलाय. मी न्यायला आलो, तर ती येईल का? जिवाला घोर लागलाय. दोन ओळी लवकर कळवा.