तुरटीतला चेहरा

समस्त गल्लीला, माहेर-सासरच्या मंडळींना आणि ज्यांनी ज्यांनी आपलं रडकं लेकरू माझ्यापुढं आणून ठेवलं त्या सर्व आयाबायांना कळवण्यात येते की — तुरटीत मला आजवर कधीही, कुणाचाही चेहरा दिसलेला नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, पण जरा सावकाश सांगू द्या — खरी गोष्ट याच्या पुढंच आहे.

तुरटीनं दृष्ट काढतात ते तुम्ही पाहिलं असेल. खडा लेकरावरून सात वेळा उतरायचा आणि निखाऱ्यावर टाकायचा. तो वितळतो, फसफसतो, फुगून पांढरा होतो, आणि मग त्याला जो आकार येतो तो म्हणे नजर लावणाऱ्याचा. आमच्या पेठेत ही विद्या माझ्या नावावर आहे. मी खडा चिमट्यात धरून उजेडात फिरवते, एक डोळा मिटते, "हं" म्हणते आणि गप्प बसते. बायका श्वास रोखतात. खोटं कशाला बोलू, मला फार मजा येते. मग सांगते, "कुणीतरी लांबचं दिसतंय. उंच. गेलं आता." सगळ्या खूश.

नाव का घेत नाही?

एकदा घेतलं होतं.

अनु, माझी लेक, तेव्हा पाच महिन्यांची. माझ्याकडं आली की रडायची. शेजारच्या सुमनवहिनींच्या मांडीवर मात्र गप्प. वहिनींना मूल नव्हतं. रोज सकाळी त्या गारगोटी गावच्या आपल्या माहेराहून आणलेली काळी सहाण घेऊन यायच्या. वेखंड, जायफळ, हळकुंड — प्रत्येकाचे मोजून दोन वेढे उगाळायच्या आणि बोटानं अनुला चाटवायच्या. ते बोट धरूनच ती झोपायची. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, हसून म्हणायच्या, "पोरगी सुमनचीच हाय की." चेष्टाच ती. पण मला ती दिवसभर पुरायची.

एका दुपारी अनु रडायची थांबेना. आत्याबाईंनी तुरटी उतरली. खडा फुलला — फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, दुसऱ्या कशासारखाही नाही. "बघ गं, तुझी नजर तरणी हाय," त्या म्हणाल्या. मी बघितलं. मान तिरकी केली. थोडी थांबलेसुद्धा — हे थांबणं ध्यानात घ्या, तेवढ्या वेळात गप्प बसता आलं असतं. मग म्हणाले, "हा अंबाडा. हे नाक. सुमनवहिनीच वाटतात."

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं — निदान मिटलं तरी असतं. दुसऱ्या दिवशी वहिनी सहाण घेऊन आल्या, तेव्हा अनु झोपली होती. तिसऱ्या दिवशीही झोपली होती. आठवड्यानं आमच्या घरात नवी सहाण आली. वहिनी हळदीकुंकवाला येत राहिल्या, दाराशीच बसून जात राहिल्या, हात पदरात गुंडाळून. अनु शाळेत गेली, कॉलेजात गेली. तिच्या लग्नात अक्षता टाकायलाही वहिनी शेवटच्या रांगेत.

इतक्या वर्षांत कितीदा सांगता आलं असतं? आत्याबाई होत्या तोवर त्यांना तरी? भीती होती म्हणावं, तर तीही नव्हती. त्या दुपारपासून माझ्या नावावर झालेली ती विद्या मला हवी होती — बायकांचे ते रोखलेले श्वास हवे होते. त्यापुढं एका बाईचे रिकामे हात मला दिसत होते, आणि चालत होते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. अनु बाळंतपणाला आलेली, ती माहेरीच होती. सव्वा महिन्याचं पोर सकाळपासून रडत होतं आणि वहिनी दारात उभ्या. आता अंबाडा पांढरा. "लांबनंच बघते," म्हणाल्या. मी काही बोलले नाही — तेव्हाही बोलले नाही — त्यांना हाताला धरून आत आणलं, बसवलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

पोरानं त्यांचं बोट धरलं आणि गप्प झालं.

वहिनींनी दुसऱ्या हातानं कमरेचा बटवा काढला, तुरटीचा एक मोठा खडा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "भाज गं रेखा, आत्ताच. मलाबी बघू दे की, मी कशी दिसतीया त्यात."